शेपटीखालचा टेकू

कोळेकरांच्या हिशेबात मी दोन सेंटिमीटर चार मिलिमीटर होतो.

नवी ओळख झाली की ते माणसाला एकदा टाचेपासून टाळूपर्यंत बघायचे, मनातल्या मनात उंचीला बहात्तरानं भागायचे आणि आकडा तोंडावर सांगून मोकळे व्हायचे. आमचे प्लँट हेड सव्वादोन सेंटिमीटर. कँटीनमधला उंचाडा वाढपी अडीचच्या जरा वर. बायकोबद्दल म्हणायचे, "एकवीस मिलिमीटर. आवाज तेवढा पुऱ्या मापाचा."

बहात्तर, कारण कोळेकर विमानं करायचे, खऱ्या विमानाच्या बहात्तराव्या भागाएवढी. वाळूजच्या एका कारखान्यात ते टूलरूममध्ये फिटर होते आणि मी तपासणी विभागात. दिवसभर ते साचे घासायचे आणि मी ते साचे मोजायचो. विमानं घरी, बजाजनगरात, दोन खोल्यांतल्या पुढच्या खोलीत. परदेशी खोक्यातले तयार भाग आणून जोडणाऱ्यांबद्दल त्यांना राग नव्हता, पण स्वतः त्यांनी तसलं खोकं कधी आणलं नाही. पाट्या रंगवणाऱ्याच्या दुकानातले प्लॅस्टिकचे तुकडे, सागाच्या ढलप्या, तेलाच्या डब्याचा पत्रा आणि वापरलेल्या इंजेक्शनच्या सुया यांतून ते विमान काढायचे. एकेकाला दीड-दीड वर्ष लागायचं.

लोक विचारायचे, "उडतं का?" या प्रश्नाला त्यांचं एकच उत्तर ठरलेलं होतं.

"नाय. उभं राहतं."

समोरच्याचा चेहरा पडला की मग पुढं सांगायचे, "उडताना समदेच चांगले दिसतात. जमिनीवर कसं उभं राहतं ते बघायचं असतं."

मी कमी बोलणारा माणूस आहे. नोकरीत त्याचा मला फायदा झाला. ज्या एका वेळी बोलायला हवं होतं त्या वेळीही मी कमीच बोललो, आणि त्याचाही फायदाच झाला. त्याबद्दल लिहायचं म्हणून गेली दोन वर्षं कागद समोर घेतो आणि कोळेकरांच्या दुसऱ्याच काही गोष्टी आठवत बसतो. आजही तसंच होणार असं दिसतंय. होऊ द्या. त्या गोष्टीही त्यांच्याच आहेत.

पहिल्यांदा ते माझ्याकडं आले ते जेवणाच्या सुट्टीत. तपासणीच्या खोलीला एसी असल्यामुळं तिथं चपला काढून यायचा नियम होता. कोळेकर चपला काढून, वर पाय पुसून, दारातच थांबले. हातात काडीपेटी.

"साहेब, एक जिन्नस मोजून द्याल का? कंपनीचा नाय. माझा हाय."

काडीपेटीत कापसावर एक चाक होतं, ज्वारीच्या दाण्यापेक्षा थोडं मोठं. विमानाच्या शेपटीखालचं. आमच्याकडं वस्तूची सावली वीसपट मोठी करून पडद्यावर दाखवणारं एक यंत्र होतं. मी चाक त्यावर ठेवलं. पडद्यावर पुरीएवढं वर्तुळ उमटलं. गोल होतं, पण पूर्ण गोल नव्हतं. एका बाजूला चार शतांश मिलिमीटर दबलेलं.

मी म्हणालो, "कोळेकर, हे कोणाला दिसणार आहे?"

त्यांनी चाक चिमट्यानं उचललं, परत कापसावर ठेवलं आणि म्हणाले, "तुम्हाला दिसलं की."

दुसऱ्या दिवशी नवं चाक घेऊन आले. तिथून आमची ओळख वाढली.

महिन्यातल्या एका सुट्टीला ते चिकलठाण्याला जायचे. जालना रोडवरून विमानतळाच्या मागच्या अंगाला वळायचं आणि धावपट्टी जिथं संपते तिथल्या भिंतीजवळ उभं राहायचं. एकदा मीही गेलो. मला वाटलं होतं, विमान उतरताना बघून माणूस खूश होईल. कोळेकर खूश वगैरे काही झाले नाहीत. वहीत टिपणं घेत होते. विमान डोक्यावरून गेलं तेव्हा मी मान खाली घातली आणि त्यांनी वर केली.

"पोटाखाली काळा वघळ बघितला का? पार शेपटीपस्तोर गेलाय. आन चाकाच्या दारापाशी रंग उडालाय, पन एकाच बाजूनं."

"तुम्ही विमान बघायला येता की घाण बघायला?"

"घाणच बघायला येतो, साहेब. नवं इमान कुणीबी करंल. वापरलेलं करून दाखवावं. कुठं हात लागतो, कुठं पाय पडतो, कुठं तेल गळतं. ते कळलं म्हंजे इमान कळलं."

घरी ते काजळी पातळ करून अंगठ्यानं विमानाच्या पोटावर ओढायचे. पंखावर जिथं मेकॅनिकचे बूट पडत असतील नेमकं तिथंच खरडल्यासारखं करायचे. स्वतः कधी विमानात बसले नव्हते. "आपल्याला बसून काय करायचंय? आतून ते दिसतच नाय," म्हणायचे.

पुढच्या खोलीत तीन भिंतींना फळ्या होत्या आणि फळ्यांवर विमानं. खाली एक पलंग, एक खुर्ची. मंदावहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, पहिल्याच भेटीत मला म्हणाल्या, "बसा भाऊजी, पलंगावरच बसा. ह्या घरात मानसाला जागा नाय, इमानांना हवाईअड्डा हाय." कोळेकरांना कॉकपिटवरची काचेची घुमटी करायची असली की ते शर्टाच्या खोक्यावरचा पारदर्शक कागद गॅसवर धरून मऊ करत आणि लाकडी ठोकळ्यावर दाबून बसवत. त्यासाठी वहिनींचा तवा, वहिनींची सांडशी, वहिनींचा गॅस. "माझी भाकर थांबली हाय आन ह्यांची खिडकी शिजतीय," हे त्यांचं वाक्य मी स्वतः ऐकलं आहे. पण आवाजात धार नव्हती. पाहुणा आला की त्याच पुढं होऊन सांगायच्या, हे अमुक साली उडायचं, ह्याला दोन पंखे, ह्याच्या शेपटीला हात लावू नका.

आणि केस. जुन्या विमानांना कॉकपिटच्या डोक्यापासून शेपटीच्या टोकापर्यंत रेडिओची तार असे. खरी तार चार-पाच मिलिमीटर जाड. तिचा बहात्तरावा भाग म्हणजे माणसाचा केस. कोळेकरांनी दोरा, नायलॉन, ताणून बारीक केलेलं प्लॅस्टिक, सगळं करून बघितलं होतं. शेवटी वहिनींच्या वेणीवर येऊन थांबले. विमान पुरं होत आलं की वहिनी न्हाऊन, केस वाळवून, फणी घेऊन पलंगावर बसायच्या आणि एक लांब केस स्वतःच्या हातानं तोडून द्यायच्या. ही त्या घरातली रीतच झाली होती. केस लावला की विमान पुरं.

"समदी इमानं तुमच्या वहिनीच्या जिवावर बोलतात," कोळेकर म्हणायचे.

"मंग माझं कुणी का ऐकत नाय?" वहिनी आतून.

कोळेकरांचं मूळ घर करमाडच्या पुढं आत, मेंढरं राखणाऱ्यांचं. वडिलांची एक गोष्ट वहिनींनी मला सांगितली होती. दोन कळप रस्त्यात एकमेकांत मिसळले की एखादं कोकरू चुकून दुसऱ्याच्या कळपात जातं. सासऱ्यांच्या कळपात असं एक परकं कोकरू आलं. सासरे ते खांद्यावर टाकून दोन गावं चालत गेले आणि ज्याचं त्याला देऊन आले. तिथं पाणीसुद्धा प्याले नाहीत, का, तर बदल्यात काही घेतलं असं दिसू नये. "अशा घरात मी सून म्हनून आले, भाऊजी," वहिनी म्हणाल्या होत्या. ते वाक्य तेव्हा मी नुसतं ऐकलं.

कोळेकरांचं शेवटचं विमान दोन पंख्यांचं जुनं प्रवासी विमान होतं. त्यांच्या लहानपणी ते चिकलठाण्याला उतरायचं, तेव्हा मेंढरं उधळायची आणि हे मेंढरांमागं धावायचं सोडून विमानाकडं बघत राहायचे. वडिलांचा मारही त्यापायी खाल्लेला. ते विमान करायचं त्यांच्या मनात होतं, पण हात चांगला बसल्याशिवाय त्याला हात घालायचा नाही असं ठरवून त्यांनी वीस वर्षं काढली होती.

आधीची त्यांची सगळी विमानं शेपटीच्या चाकावर बसणारी, नाक वर करून. हे पहिलंच असं, ज्याला एक चाक नाकाखाली आणि दोन पंखांखाली. खरं विमान असं उभं राहतं, कारण त्याच्या पुढच्या भागात सामान असतं. लहान विमान पोकळ. तिन्ही चाकांवर ठेवलं की ते मागं कलंडतं आणि शेपटीवर बसतं. म्हणून अंगाचे दोन अर्धे भाग चिकटवण्याआधी नाकात वजन भरावं लागतं. एकदा पोट बंद झालं की मग काही करता येत नाही. शेपटीखाली बारीक टेकू लावतात काही जण. कोळेकर अशा टेकूकडं तुच्छतेनं बघायचे.

त्यांनी शिसं भरून बघितलं. कॉकपिट त्यांनी आतून पूर्ण केलेलं, दोन खुर्च्या, घड्याळं, दांडे, त्यामुळं नाकात अंगठ्याच्या पेराएवढीच जागा उरली होती. तेवढ्या शिशानं भागत नव्हतं.

त्या दिवशी दुपारी ते माझ्या खोलीत हे सगळं सांगत बसले होते. माझ्या टेबलाच्या खणात कार्बाइडच्या झिजलेल्या टिपा पडल्या होत्या. लेथवर लोखंड कापायला ज्या बसवतात त्या, नखाएवढ्या. कार्बाइड शिशाहूनही जड. कारखान्यात या टिपांचा हिशेब कडक, जुनी जमा केल्याशिवाय नवी मिळायची नाही. पण तुटलेल्या काही टिपा का तुटल्या हे बघायला माझ्याकडं येत आणि त्यांची नोंद कुठंच राहत नसे. मी खण उघडला आणि म्हणालो, "ह्या बघा चालतात का."

कोळेकरांनी एक टीप तळहातावर तोलली. चेहराच बदलला. खिशातून नाकाचं कागदी चित्र काढलं, त्यावर एक एक टीप मांडत गेले. अकरा मावल्या.

"पन गेटपास, साहेब?"

"शिफ्ट सुटायला आली. उद्या करतो. घेऊन जा आज."

हे मी म्हणालो. शब्दन् शब्द असाच. त्यांनी दोनदा विचारलं होतं हेही लिहून ठेवतो. दुसऱ्यांदा मी जरा वैतागून म्हणालो, "अहो, मी आहे ना."

चार वाजून दहा मिनिटांनी गेटवरून फोन आला. सुरक्षा अधिकारी होते. "जगतापसाहेब, तुमच्या कोळेकरच्या डब्यात अकरा टिपा निघाल्यात. तो म्हणतो तपासणीतल्या साहेबांना विचारा. तुम्ही दिल्यात का?"

त्या आठवड्यात व्यवस्थापकाच्या जागेसाठी माझं नाव वर गेलं होतं. गेटपासशिवाय माल बाहेर देणं ही अधिकाऱ्यासाठी घरी जाण्याएवढी चूक होती. हे सगळं मी तेव्हा विचारपूर्वक तोललं असं म्हणायलाही मला तोंड नाही. मी काहीच तोललं नाही. तोंडातून आलं ते एवढंच:

"बघून सांगतो."

पलीकडं अधिकाऱ्यांनी फोन तोंडापासून जरा दूर धरून म्हटलेलं मला ऐकू आलं, "साहेब म्हणतात बघून सांगतो."

मी खुर्चीत बसून राहिलो. खण उघडा होता. बघण्यासारखं त्यात काही नव्हतं. गेट माझ्या खोलीपासून चार मिनिटांवर होतं. मी गेलो नाही. त्यांनी परत फोन केला नाही, मीही केला नाही.

चौकशी झाली. मला विचारलं तेव्हा मी म्हणालो, माझ्याकडच्या टिपांची नोंद नसते, त्यामुळं नक्की सांगता येणार नाही. यातला प्रत्येक शब्द खरा होता. मग कोळेकरांना विचारलं, "तुम्हाला कोणी दिल्या?"

त्यांनी माझ्याकडं एकदा बघितलं. टाचेपासून टाळूपर्यंत, पहिल्या दिवशी बघितलं होतं तसं.

"कुणी नाय," ते म्हणाले. "पडल्या व्हत्या. उचलल्या."

जुना माणूस म्हणून नोकरी राहिली. ताकीद मिळाली आणि तिची एक प्रत टूलरूमच्या फलकावर आठवडाभर लावली गेली. टूलरूममधून काढून त्यांना पॅकिंगला टाकलं. शतांश मिलिमीटर बघणारा माणूस शेवटची तीन वर्षं खोक्यांना पट्ट्या मारत होता. मला व्यवस्थापकाची खुर्ची मिळाली. बजाजनगरात निम्मी घरं आमच्याच कारखान्यातली, त्यामुळं फलक वहिनींपर्यंत पोचायला एक दिवसही लागला नसेल.

पुढं जे झालं ते मला कोळेकरांनी कधी सांगितलं नाही. मी फार दिवसांनी, धीर करून घरी गेलो तेव्हा बघितलं. फळ्यांवरच्या विमानांवर धूळ होती. वहिनींनी पाणी दिलं, चहा दिला, "बसा भाऊजी" म्हणाल्या आणि आत गेल्या. त्यांना माझ्याबद्दल काहीच माहीत नव्हतं. त्यांना माहीत होतं ते एवढंच की नवऱ्यानं एका खेळण्यापायी कारखान्यातला माल डब्यातून आणला, पकडला गेला आणि वर स्वतःच कबूल झाला.

विमान पुरं झालं होतं. वीस वर्षं मनात असलेलं. रंग, खिडक्या, पोटावरची काजळी, सगळं होतं. फळीवर सगळ्यांत मागं, कोपऱ्यात ठेवलेलं, आणि शेपटीखाली एक पारदर्शक काडी होती. टेकू.

"कोळेकर, हे..."

"बंद केलं पोट तसंच," ते म्हणाले. "एक दिवस राग आला आन चिकटवून टाकलं. चूक झाली."

आणि वरची तार नव्हती. मी काही विचारलं नाही, पण त्यांचं लक्ष माझ्या नजरेकडं होतं. दाराच्या पडद्याकडं बघत हळूच म्हणाले, "मागितला व्हता. म्हनली, चोरीच्या इमानाला माझा केस नाय मिळायचा."

तरीही मी बोललो नाही. बाहेर आलो, गाडी चालू केली, घरी आलो, जेवलो.

असं नऊ वर्षं चाललं. वर्षातून एक-दोनदा जायचो. दर वेळी ठरवून जायचो. कोळेकरांना ते कळत असावं, कारण मी घसा खाकरला की ते काहीतरी दुसरं काढायचे. धावपट्टी वाढवणार म्हणतात. जालना रोडवर आज काय गर्दी. मला वाटायचं ते मला वाचवताहेत, आणि वाटून बरंही वाटायचं. या बऱ्या वाटण्याची आता किळस येते.

ते निवृत्त झाले. साखरेनं डोळे गेले, आधी एक, मग दुसरा निम्माशिम्मा. समोरचं दिसायचं नाही, कडेकडेचं थोडं दिसायचं. फळीवरून विमान उतरवून मांडीवर घेऊन बसायचे आणि बोटांनी पंखावरच्या रेघा चाचपायचे. एकदा मला म्हणाले, "एक बरं झालं साहेब, आता धूळ दिसत नाय."

त्यानंतर मी घरी येऊन झोपू शकलो नाही, वगैरे लिहिलं तर ते खोटं होईल. मी झोपलो. पण पुढच्या रविवारी मात्र सकाळी उठून सरळ बजाजनगरला गेलो.

वहिनी पुढच्या खोलीत जमिनीवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होत्या. कोळेकर खुर्चीत. मी उभ्यानंच म्हणालो, "वहिनी, मला तुम्हाला काही सांगायचंय."

"साहेब, बसा तर खरं," कोळेकर लगबगीनं म्हणाले. "अगं, चहा टाक."

"चहा नको. त्या टिपा मी दिल्या होत्या."

वहिनींचे हात चालूच होते. "कसल्या टिपा?"

"ज्यांच्यावरून सगळं झालं त्या. कोळेकरांनी काही उचललं नव्हतं. मी माझ्या खणातून काढून दिल्या. ते गेटपास मागत होते, मीच म्हणालो उद्या करतो."

आता हात थांबले. त्यांनी आधी नवऱ्याकडं बघितलं. ते कुठंतरी खिडकीच्या दिशेला तोंड करून बसले होते.

"मंग गेटवरून फोन केला असंल ना तुम्हाला?"

"केला."

"तुम्ही काय म्हनलात?"

"बघून सांगतो म्हणालो."

शेजारी कोणाचा तरी मिक्सर चालू होता.

"मंग?" वहिनी म्हणाल्या. "बघितलं का?"

मी पायाशी पडलेली एक शेंग उचलून ताटात ठेवली.

"नऊ वर्सं बघत व्हते व्हय तुम्ही? हितं येऊन चहा पीत व्हते, आन बघत व्हते?" आवाज चढला नव्हता. पुऱ्या मापाचा तो आवाज त्या दिवशी मी पहिल्यांदा एवढा लहान ऐकला. मग त्या नवऱ्याकडं वळल्या. "आन तुम्ही? तुमचं तोंड कुनी शिवलं व्हतं? मी काय काय बोलले तुम्हाला. तुमच्या बापाचं नाव काढलं मी."

कोळेकरांनी तोंड खिडकीकडंच ठेवलं.

"गेटवर सांगितलं व्हतं एकदा," ते म्हणाले. "एकदाच सांगायचं असतं. पुढचं त्यांनी सांगायचं व्हतं. ते त्यांचं व्हतं."

"आन मी कुनाची व्हते?"

कोळेकरांचा हात खुर्चीच्या दांड्यावर इकडंतिकडं फिरत राहिला, जणू तिथंही कुठं रेघ सापडते का बघत होते.

वहिनी उठल्या. पदरातल्या शेंगा ताटात टाकल्या. "तुम्ही जावा आता, साहेब," म्हणाल्या. इतकी वर्षं मी त्या घरात भाऊजी होतो.

दुसऱ्या दिवशी मी कारखान्यात लेखी निवेदन दिलं. झालं ते सगळं लिहिलं आणि खाली विनंती केली की त्याच फलकावर याचीही प्रत लावावी. कार्मिक विभागातले नवे साहेब माझ्या मुलाच्या वयाचे. त्यांनी ते वाचलं, दार लावून घेतलं आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "सर, आता कशाला? फाइल बंद झालीये. ते रिटायर झालेत, तुमचीही चारच वर्षं राहिलीत." निवेदन फाइलला लागलं. फलकावर काही लागलं नाही. मी पुन्हा गेलो, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा गेलो नाही. एवढंच माझं लढणं.

मग मी एक वेडेपणा केला. टूलरूममधून झिजलेल्या अकरा टिपा रीतसर मागून घेतल्या, आणि गेटपास केला. माल काय, किती, कोणाला, कशासाठी. 'कशासाठी'च्या रकान्यात लिहिलं, 'विमानाच्या नाकात वजन म्हणून'. खाली माझी सही. गेटवरच्या पोरानं तो दोनदा वाचला आणि शिक्का मारला.

मला माहीत होतं की याचा उपयोग नाही. पोट बंद झालं होतं. ते फोडायचं तर विमानच जाणार. तरी टिपांची पुडी खिशात घालून पंधरा दिवसांनी मी बजाजनगरला गेलो. कोळेकरांना मी पाहिलं ते तेव्हा शेवटचं. नंतर ती दोघं घर सोडून पैठणला मुलीकडं राहायला गेली, असं ऐकलं.

दुपारची वेळ होती. दार उघडं, पडदा बाजूला सारलेला. फळ्या पुसलेल्या दिसत होत्या. पलंगावर दोघं शेजारी शेजारी बसली होती, माझ्याकडं पाठमोरी नाही पण अर्धी वळलेली. वहिनींचे केस मोकळे होते, ओलसर. मी इतक्या वर्षांत ते असे बघितले नव्हते. सगळे पांढरे. त्यांच्या मांडीवर ते दोन पंख्यांचं विमान होतं. कोळेकरांनी केसाचं एक टोक चिमटीत धरून शेपटीच्या उभ्या पात्यावर टेकवलं होतं. डोळे मिटलेले, म्हणजे नुसत्या बोटांवर काम चाललं होतं. दुसरं टोक वहिनींच्या हातात, कॉकपिटच्या डोक्यापाशी. टोकाला डिंकाचा थेंब.

"ताणू नको लई. तुटंल."

"माझा केस हाय. मला ठाव हाय किती ताणायचा."

"सरळ हाय का? मला दिसत नाय."

"हाय."

"पांढरा दिसत असंल."

"दिसू द्या. इमान बी काय नवं नाय."

टेकूची काडी बाजूला पलंगावर पडली होती. वहिनींनी डावा हात विमानाखाली घातला होता आणि शेपटी त्यांच्या अंगठ्यावर टेकलेली होती. विमान तिन्ही चाकांवर सरळ, वहिनींच्या लुगड्यावर उभं होतं.

माझी चप्पल उंबऱ्याला लागली असावी. कोळेकरांनी मान वर केली, कडेच्या नजरेनं दाराकडं बघायचा प्रयत्न केला.

"कोन हाय गं?"

वहिनींनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. त्यांच्या एका हातात केस होता, दुसऱ्यावर शेपटी होती, आणि त्यांना दोन्ही सोडायचं नव्हतं.

"कुनी नाय," त्या म्हणाल्या. "तुम्ही हलू नका. डिंक वाळू द्या."

मी पुडी आणि गेटपास खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला, वारा येईल म्हणून कागदावर पुडी ठेवली, आणि पायऱ्या उतरलो.